कासिमिरो हिरोनच्या नावाचा कायदा

ओटिलिया हिरोनला लांडगे आवडत नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे झालं त्यानंतर सान लाझारो गावातल्या निम्म्या लोकांनी तिला लांडग्यांची सख्खी बहीण ठरवून टाकलं.

लांडग्याला तिच्या घरात लोबो म्हणत. त्या वर्षी लोबोंनी तिची वासरं खाल्ली होती आणि एक म्हातारी कुत्रीही. वासरांचं दुःख तिने गिळलं असतं, पण कुत्री तिच्या मांडीवर वाढलेली होती. सापडली ती पाण्याच्या टाकीमागे, अर्धी. सरकारी तपासनीस आला, त्याने दातांच्या खुणा मोजल्या आणि म्हणाला, "लांडगाच होता असं खात्रीने सांगता येणार नाही, बाई."

"मग काय ससा आला होता?" ओटिलिया म्हणाली.

पिंजऱ्यात वाढवलेले लोबो सरकारने इथल्या डोंगरात आणून सोडले तेव्हा ती शाळेत होती. चार पिढ्या जिथे हिरोनांची गुरं चरली, त्याच रानात. गळ्यात पट्टे घातलेले, नंबर दिलेले. त्यांच्यावर बंदूक उगारली तर थेट तुरुंग. रानातला प्रत्येक गुराखी हे जाणून होता आणि दात ओठ खात गप्प बसत होता. त्यामुळे खासदार टिलरीने वॉशिंग्टनमध्ये विधेयक आणलं, की मेक्सिकन लांडग्याचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढून टाका आणि राज्याला काय ते ठरवू द्या, तेव्हा ओटिलियाला आनंदच झाला. उशिरा का होईना, कुणाला तरी अक्कल आली, असं ती म्हणालीसुद्धा.

पण त्याआधी एप्रिलमध्ये तिचे वडील गेले होते.

कासिमिरो हिरोन सत्तरी ओलांडलेले, पण रोज घोड्यावर. त्या सकाळी वरच्या झऱ्याकडे कावळे घिरट्या घालताना दिसले. कावळे म्हणजे काहीतरी मेलेलं. वर जायचं काम खरं तर ओटिलियाच्या धाकट्या भावाचं, चेबोचं. त्याचं खरं नाव एउसेबियो, पण बाप्तिस्म्यानंतर ते कुणी वापरलं नव्हतं. तो मात्र विहिरीच्या पंपाचा पार्ट आणायला पहाटेच सोकोरोला गेला होता.

"पापा, चेबो येऊ दे संध्याकाळी," ओटिलिया म्हणाली.

"तोवर कावळे काय हात धुऊन त्याची वाट बघत बसणार आहेत?" म्हातारा म्हणाला आणि खोगीर कसायला लागला.

दुपारी तो परत आला. घोड्यावर ताठ बसलेला, एका हातात लगाम. गोठ्यापाशी येऊन थांबला, पण उतरला नाही.

"वासरू गेलं. लोबोच. निम्मं खाल्लंय," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मिहा, मला जरा खाली उतरव."

मिहा म्हणजे लेकी. तो तिला कायम तसंच हाक मारायचा. पण 'खाली उतरव' हे शब्द उभ्या जन्मात त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. त्याच्या चेहऱ्याचा रंग राखेसारखा झाला होता, शर्ट घामाने चिंब होता आणि डावा हात त्याने दुसऱ्या कुणाचा असावा तसा पोटाशी धरला होता.

तिने त्याला ट्रकमध्ये बसवलं आणि निघताना फोन लावला. फोनवरची बाई म्हणाली, ॲम्ब्युलन्स एकच चालू आहे आणि ती दुसरा पेशंट घेऊन दक्षिणेला गेली आहे. तुम्ही गावातल्या दवाखान्यापाशी येऊन थांबा, ती परत फिरली की सरळ तिथेच येईल.

दवाखान्यापाशी म्हणजे दवाखान्याच्या अंगणात. कारण दवाखाना जानेवारीतच बंद झाला होता. काचेच्या दाराला साखळी आणि त्यावर चिकटवलेला कागद. तिने ट्रक दारासमोर उभा केला.

"दार उघडत का नाहीत?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बंद झालाय ना पापा."

"हां. विसरलोच." तो काचेतून आत बघत राहिला. आत खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या. मग म्हणाला, "इंजिन बंद कर, मिहा. उगाच डिझेल जळतंय."

तिने इंजिन बंद केलं. त्यानंतर तो काही बोलला नाही. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ती त्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसली होती, आणि आलेल्या दोघांनी घाई केली नाही, यावरून तिला कळायचं ते कळलं.

अंत्यविधीला सगळं खोरं लोटलं. बायकांनी राजमा आणि हिरव्या मिरचीचा रस्सा आणला, शेजारच्या वेंडेल स्ट्राउडने रात्रभर भाजलेलं मांस आणलं आणि सगळा वेळ हातात टोपी घेऊन तो कोपऱ्यात उभा राहिला. काय झालं ते ओटिलियाने प्रत्येकाला सांगितलं. हृदय बंद पडलं, दवाखाना बंद होता, आम्ही दाराशी बसलो होतो. यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

जूनमध्ये खासदाराचा पीए घरी आला. ग्रेडी नावाचा तरुण, पायात कोरे करकरीत बूट, ज्यांना शेणाचा वासही लागला नव्हता. त्याने सांगितलं, विधेयकावर एक सुनावणी इथेच, शाळेच्या जिममध्ये होणार आहे. समितीचे सभासद वॉशिंग्टनहून येतील. स्थानिक माणसांनी बोलायला हवं.

"मी बोलेन," ओटिलिया म्हणाली. "वासरांबद्दल बोलेन, कुत्रीबद्दल बोलेन. त्या तपासनिसाबद्दल तर फार बोलेन."

"आणि वडिलांबद्दल?" ग्रेडीने हळूच विचारलं.

"त्यांचा इथे काय संबंध?"

ग्रेडीने चेबोकडे बघितलं. चेबोने कॉफीच्या कपात बघितलं. "बरोबर आहे, बाई. तुम्ही वासरांचंच बोला," ग्रेडी म्हणाला आणि निघून गेला. तिथेच मला संशय यायला हवा होता, असं ती नंतर वेंडेलला म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी शाळेबाहेर ही गर्दी. एका बाजूला गुराख्यांचे ट्रक, दुसऱ्या बाजूला शहरातून आलेली लांडगेवाली मंडळी, लांडगे वाचवा म्हणणारी, हातात फलक घेऊन. त्यातल्या एकाने अंगावर लांडग्याचा केसाळ पोशाख चढवला होता, भर उन्हात.

"त्याला कुणीतरी सांगा रे," वेंडेल मोठ्याने म्हणाला, "माझी नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही. चुकून काही झालं तर मला बोल लावू नका."

गुराखी हसले. ओटिलियाही हसली. तिने काळा स्कर्ट आणि आईची चांदीची कर्णफुलं घातली होती. वासरांचं भाषण तिला तोंडपाठ होतं.

आत बास्केटबॉलच्या मैदानावर लांब टेबल मांडून समिती बसली होती. मधोमध टिलरी. उंच, पिकल्या केसांचा, आवाज असा की मध ओतावा. टेबलाशेजारी कापडाने झाकलेला एक बोर्ड होता. टिलरी उठला, तिथपर्यंत चालत गेला आणि कापड ओढलं.

बोर्डावर तिचे वडील होते. घोड्यावर बसलेले, टोपी मागे सारलेली, हसणारे. आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच आकाराचा, दात विचकणारा लोबो.

तो फोटो घरातल्या भिंतीवरचा होता. गेला महिनाभर ती जागा रिकामी होती आणि चेबोने सांगितलं होतं, काच तडकली म्हणून दुरुस्तीला दिलाय.

"हा माणूस," टिलरी म्हणाला, "कासिमिरो हिरोन. चार पिढ्यांचा गुराखी. एप्रिल महिन्यातल्या एका सकाळी हा माणूस आपली गुरं वाचवायला एकटा डोंगरावर गेला. समोर लांडगे. हातात बंदूक असूनही तो ती उचलू शकत नव्हता, कारण आपल्या फेडरल सरकारला त्याच्या जिवापेक्षा लांडग्याचा जीव मोलाचा वाटतो! त्या सकाळी कासिमिरो लांडग्यांना सामोरा गेला, आणि त्यातून पुन्हा उठला नाही. मित्रहो, आज मी जाहीर करतो, या विधेयकाला आपण त्याचं नाव देणार आहोत. कासिमिरो हिरोन कायदा!"

जिम उठून उभं राहिलं. टाळ्या छताला लागल्या. पहिल्या रांगेत चेबो उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

ओटिलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पापांकडे त्या दिवशी बंदूक नव्हतीच. समोर लांडगे नव्हते. होतं एक मेलेलं वासरू आणि कावळे. टाळ्या वाजवणारी ही सगळी माणसं तिच्या घरी जेवून गेली होती. तिने त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांना माहीत होतं! आणि तरी ती उभी होती.

तिचं नाव पुकारलं गेलं. टिलरी पुढे झुकून म्हणाला, "कासिमिरोच्या कन्या. या. तुमच्या शब्दांत सांगा."

ती माइकसमोर बसली. तोंडपाठ भाषण कुठल्या कुठे गेलं होतं.

"त्या बोर्डावर कापड टाका," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"माझ्या बापावर कापड टाका. मग बोलते."

कुणी हललं नाही. ग्रेडीने टिलरीकडे बघितलं. टिलरी गोड हसला. "दुःख ताजं आहे, आम्ही समजू शकतो."

"तुम्ही काही समजत नाही," ओटिलिया म्हणाली. माइकमधून तिचा आवाज भिंतींवर आदळला. "लांडग्यांनी माझी वासरं खाल्ली. माझी कुत्री खाल्ली. या लोबोंना उचलून कुठे न्यायचं तिथे न्या, मला काही वाटणार नाही. पण माझ्या बापाला लांडग्याने मारलं नाही. तो स्वतःच्या घोड्यावर बसून घरी आला. तो मेला तुमच्या बंद दवाखान्याच्या दारात, माझ्या ट्रकमध्ये. दाराला साखळी होती. आतल्या खुर्च्या दिसत होत्या. तिथे कुठला लोबो आला होता? सांगा ना! साखळी लोबोने लावली?"

"बाई, आजचा विषय..."

"विषय तुम्ही काढलात! दवाखाना बंद होणार कळलं तेव्हा आम्ही सात बायका तुमच्या ऑफिसात आलो होतो. तुम्ही नव्हता. तुमच्या माणसाने कॉफी दिली, बिस्किटं दिली, आणि साहेब कळवतील म्हणून घरी पाठवलं. तेव्हा कुठे होतं हे सगळं? हे टेबल, हे कॅमेरे? तेव्हा माझा बाप जिवंत होता, साहेब. जिवंत माणसासाठी तुम्हाला यायला जमलं नाही. आणि आता त्याच्या टाळूवरचं लोणी खायला वॉशिंग्टनहून आलात!"

टेबलावरचा लाल दिवा लागला. टिलरीने हातोडा आपटला. "आपली वेळ संपली. समिती आपल्या दुःखाचा आदर करते."

"त्याचं नाव काढा," ती म्हणाली. माइक तोवर बंद केला होता, म्हणून ती ओरडली. "तुमचा कायदा करा नाहीतर करू नका. पण माझ्या बापाचं नाव काढा त्यावरून!"

मागून कुणीतरी तिला घरच्या नावाने म्हणालं, "खाली बस, टीला." आवाज ओळखीचा होता. लहानपणी तिच्यासोबत चर्चमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसलेल्या कुणाचा तरी. मग आणखी एक, "लांडगेवाल्यांनी किती दिले?" ती उठली आणि दोन्ही बाजूंच्या रांगांमधून दाराकडे चालायला लागली. वाटेत फक्त वेंडेलने पाय आत घेऊन तिला जागा करून दिली.

बाहेर ऊन डोळ्यांवर आलं. फलकवाल्यांतली एक बाई धावत आली. डोळ्यांत पाणी, गळ्यात कॅमेरा.

"मी जोआना फिच. काय बोललात तुम्ही! आम्ही दारातून सगळं ऐकलं. हे देशभर पोचायला हवं. फक्त एकदा, इथे कॅमेऱ्यासमोर सांगाल का, की लांडगे निर्दोष आहेत?"

ओटिलियाने तिच्याकडे नीट बघितलं.

"माझी कुत्री सापडली तेव्हा तिच्या पोटात काही शिल्लक नव्हतं," ती म्हणाली. "आणि ती जिवंत असताना ते सुरू झालं होतं, एवढं मला कळतं. निर्दोष! त्यांना दोषही कळत नाही आणि निर्दोषही. ते भुकेले असतात. दोषी ते, जे आत बसलेत, आणि तुम्हीही काही कमी नाही. दवाखाना बंद झाला तेव्हा तुमच्यातलं कोण फलक घेऊन आलं होतं? कुत्र्यांचा आणि माणसांचा पोशाख मिळत नाही वाटतं दुकानात?"

बाईचा हात कॅमेऱ्यावरून खाली आला. "मला फक्त..."

"व्हा बाजूला."

ट्रकपाशी चेबो आधीच पोचला होता. मागच्या दाराने आला असावा. चेहरा लालबुंद.

"झालं समाधान? अख्ख्या खोऱ्यासमोर मला खोटारडा ठरवलंस!"

"तू आहेसच खोटारडा. काच तडकली म्हणे!"

"आपल्यासाठी केलं मी ते! त्यांना चेहरा हवा होता. वासरांना कोण विचारतं वॉशिंग्टनमध्ये? पापांच्या नावाने कायदा झाला असता, टीला. कायमचा. काय वाईट होतं त्यात? लोबोने वासरू मारलं नसतं तर पापा वर गेले असते का? नसते ना? मग?"

"मग लोबोने मारलं असं होतं का?"

"हो! होतं!" चेबोने ट्रकच्या दारावर मूठ आपटली. "होतं, कारण नाहीतर कुणी मारलं? बोल ना! लांडगा नाही तर मग कोण? वर जायचं काम कुणाचं होतं? माझं! मी कुठे होतो? त्या मूर्ख पंपाच्या पार्टसाठी सोकोरोला. आणि तो मिळालासुद्धा नाही! दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात ये. मी रिकाम्या हाताने परत आलो, आणि पापा..."

 तो ट्रकला पाठ टेकून उभा राहिला. ओटिलियाला वाटलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. पण तिचा राग अजून त्याच्यावरही होता. बापाला त्या बोर्डावर त्यानेच नेऊन टांगलं होतं. ती ट्रकमध्ये चढली आणि किल्ली फिरवली.

"बाजूला सर, मला गाडी मागे घ्यायचीय," ती म्हणाली. तो सरला.

पुढचे महिने वाईट गेले. दुकानात बायका तिच्याशी बोलायच्या, पण हवापाण्याचं. वासरांना मालकीच्या खुणेचा डाग द्यायच्या दिवशी, जेव्हा दर वर्षी अंगण भरायचं, त्या दिवशी फक्त वेंडेल आणि त्याची बायको आली. चेबो आला, दोरी टाकली, वासरं पाडली, आणि न जेवता गेला. दिवसभरात तो तिच्याशी जे बोलला ते म्हणजे "धर" आणि "सोड".

"तू बरोबर बोललीस का मला माहीत नाही," वेंडेल जेवताना म्हणाला. "मला तो कायदा हवाय. पण टाळ्या वाजवायला मी उठलो, याची मात्र लाज वाटते. मला ठाऊक होतं ना. मी त्याच्या अंत्यविधीचं मांस भाजलं होतं."

शरद ऋतूत विधेयक समितीतून पुढे गेलं. कासिमिरोचं नाव त्यावर नव्हतं. कुणी फोन केला नाही, कुणी माफी मागितली नाही. नाव नुसतं गळून पडलं होतं आणि त्याच्या जागी ग्रामीण कुटुंबांच्या सुरक्षेबद्दल काहीतरी लांबलचक आलं होतं. ओटिलियाने रेडिओवर ते ऐकलं. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. विधेयक पुढे कुठल्यातरी टेबलावर पडून राहिलं, लोबो डोंगरात राहिले, आणि त्याच महिन्यात तिची एक कालवड गेली. दवाखान्याच्या दाराची साखळी गंजायला लागली होती.

राग मात्र जाईना. सकाळी उठली की तिच्या आधी तो जागा असायचा. भांडी घासताना ती टिलरीशी भांडायची, घोड्यावर असताना त्या कॅमेरेवालीशी, आणि रात्री चेबोशी. एकदा भांडता भांडता तिने दुधाचं भांडं भिंतीवर फेकलं. ते पुसत बसली असताना तिला वाटलं, असंच चाललं तर मी वेडी होईन.

गावात आणखी एक ॲम्ब्युलन्स होती, हे तिला नंतर कळलं. जुनी, शेडमध्ये उभी. चालवायला माणसं नव्हती म्हणून. हे ऐकून तिच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. एप्रिलमध्ये ती तिथेच उभी होती, पत्र्याखाली, चालू स्थितीत! त्याच रागात ती शेडवर गेली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "काय शिकावं लागतं ते सांगा."

ॲम्ब्युलन्सच्या स्वयंसेवकांचा वर्ग चर्चच्या हॉलमध्ये असायचा. शिकवायला परगावची एक जाडजूड नर्स यायची, सान्द्रा नावाची, जिला कुणाचंही दुःख ऐकायला वेळ नव्हता. पहिल्या दिवशी वेंडेलची बायको, पोस्टातली मुलगी आणि ओटिलिया, एवढ्याच होत्या. कुणी सुनावणीचा विषय काढला नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा एका संध्याकाळी दार उघडलं आणि चेबो आत आला. टोपी काढली, मागच्या खुर्चीवर बसला. बहिणीकडे बघितलं नाही.

"नाव?" सान्द्राने विचारलं.

"हिरोन. एउसेबियो."

"उशिरा आलात. या पुढे. हृदय बंद पडलं की छाती कशी दाबायची ते आज शिकायचंय."

जमिनीवर रबराचा पुतळा आडवा पडला होता, कमरेपर्यंतचा, डोळे उघडे. चेबो त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला. सान्द्राने त्याचे हात एकावर एक ठेवले, जागा दाखवली. तो दाबायला लागला.

"एवढ्या जोराने नको, बरगडी मोडाल," सान्द्रा म्हणाली.

तो थांबला नाही. खांदे वर-खाली होत होते, दात आवळलेले होते, पुतळ्याचं डोकं फरशीवर आपटत होतं. पोस्टातली मुलगी मागे सरकली. सान्द्राने त्याला थांबवायला हात पुढे केला, पण ओटिलिया मध्ये आली आणि पुतळ्याच्या दुसऱ्या बाजूला भावासमोर गुडघे टेकून बसली.

"करू दे त्याला," ती सान्द्राला म्हणाली. मग चेबोला म्हणाली, "दमलास की सांग. मग मी घेते."